पहिला स्पॉटिंग स्कोप निवडताना : मोठ्या आकड्यांपेक्षा स्थिर आणि स्वच्छ प्रतिमा मोलाची

हिवाळ्याच्या तोंडावर मध्य आशिया आणि सायबेरियातून निघालेले पाणपक्षी भारतातील तलाव, धरणांचे फुगवटे आणि खाड्या गाठू लागतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. या दोन तारखा जोडून राज्य शासनाने २०२० मध्ये या सप्ताहाची घोषणा केली. त्यापाठोपाठ जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना येते. भारतीय उपखंडातून १९८७ मध्ये सुरू झालेल्या या गणनेत आजही मोठा भार हौशी पक्षिनिरीक्षकच उचलतात.

वर्ष-दोन वर्षे साध्या दुर्बिणीने पक्षी पाहणाऱ्यास याच दिवसांत एक उणीव जाणवू लागते. पाण्याच्या पलीकडच्या काठावर शेकडो पक्षी दिसतात, पण ओळखता येत नाहीत. मग स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहावयाच्या शक्तिशाली दुर्बिणीचा, विचार सुरू होतो. ही खरेदी विद्यार्थी, शिक्षक किंवा निवृत्त कर्मचारी यांच्या दृष्टीने लहान नसते. युरोपीय बनावटीचे उत्कृष्ट स्कोप लाखांच्या घरात जातात, तर बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे अनेक स्कोप प्रत्यक्ष पाणथळीवर निरुपयोगी ठरतात. या दोन टोकांच्या मध्ये, मर्यादित पैशांत, उपयोगी पडणारे साधन निवडता येते. त्यासाठी काही मूलभूत गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

दुर्बीण असताना स्कोप कशासाठी?

पक्षिनिरीक्षणासाठी सर्वसाधारणपणे ८ बाय ४२ या मापाची दुर्बीण वापरली जाते. यातील ८ हा आकडा विवर्धनाचा, म्हणजे प्रतिमा किती पटींनी मोठी दिसते याचा. तर ४२ हा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. अशा दुर्बिणीतून २०० मीटरवरचा पक्षी २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. पट्टकादंब किंवा चक्रवाक यांच्यासारख्या मोठ्या पक्ष्यांची ओळख पटण्यास एवढे पुरेसे असते. परंतु जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा टिलवा २५ मीटरवरून नुसता चिखलावर धावणारा ठिपका भासतो. त्याचे पाय काळे आहेत की पिवळसर, यावरून छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांत भेद करता येतो. आणि नेमके तेच दिसत नाही. २५ पट विवर्धनाच्या स्कोपमधून तोच पक्षी आठ मीटरवर येतो आणि पायांचा रंग दिसू लागतो.

पाणटिवळ्यांच्या बाबतीतही हीच अडचण येते. काळ्या शेपटीचा आणि पट्टेरी शेपटीचा अशा दोन्ही पाणटिवळ्यांची ओळख उडताना शेपटीवरून सहज पटते. मात्र हिवाळ्यात ते चिखलात स्वस्थ उभे असतील, तर पाठीवरच्या रेघोट्या आणि चोचीचा किंचित वर वळलेला बाक यांवरच भिस्त ठेवावी लागते. स्कोप नसेल तर निरीक्षकाला पक्षी उडवून पाहण्याचा मोह होतो, आणि तो टाळणे हेच स्कोपचे पहिले काम आहे.

स्कोपचा आणखी एक उपयोग शास्त्रीय आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसह अनेक संस्था स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत पट्ट्या अडकवतात. पट्टीवरील अक्षरे आणि अंक दुरून वाचता आले, तर पक्षी पुन्हा न पकडताही त्याच्या प्रवासाची नोंद होते. हे वाचन साध्या दुर्बिणीने क्वचितच साधते.

आधी गरज तपासावी

स्कोप हे प्रत्येक पक्षिनिरीक्षकाचे साधन नव्हे. सह्याद्रीच्या किंवा मेळघाटाच्या दाट रानात पक्षी जवळ असतात, सतत हलतात आणि पानांआड दडतात. तेथे ट्रायपॉड उभा करेपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. नावेतही स्कोपचा उपयोग होत नाही. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर किंवा ओडिशातील चिलिका सरोवरात अनेक जण नावेतून पक्षी पाहतात. पाण्यावर डोलणाऱ्या नावेत २० पट विवर्धनाची प्रतिमा डोळ्यांसमोर ठरत नाही. तेथे साधी दुर्बीणच बरी.

याउलट मोकळ्या काठावरून पाहावयाच्या जागी स्कोपला पर्याय नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर या महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाचे काठ, भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील बांध, गुजरातेतील खिजडिया, ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्या किंवा माळरानावरील दूरची टेकाडे ही अशी ठिकाणे होत. कड्यावरच्या गिधाडांची घरटी समोरच्या डोंगरावरून पाहण्यासही स्कोपच लागतो. जेथे वारंवार जाणे होते, त्यातील निम्म्याहून अधिक जागा अशा मोकळ्या असतील, तरच ही खरेदी सार्थ ठरते. साधी दुर्बीणच सुमार दर्जाची असेल, तर पैसा आधी ती बदलण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होय. स्कोप दुर्बिणीची जागा घेत नाही. दुर्बिणीने हेरलेला पक्षी तो नीट दाखवितो.

आकड्यांचा अर्थ

स्कोपवर ‘२०-६० बाय ८०’ अशा स्वरूपाचे आकडे असतात. विवर्धन २० पटींपासून ६० पटींपर्यंत बदलता येते आणि पुढील भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आहे, असा त्याचा अर्थ. नवख्या ग्राहकाचे लक्ष स्वाभाविकपणे ६० या आकड्याकडे जाते आणि जाहिरातींचा भरही त्यावरच असतो. प्रत्यक्षात हा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे.

याचे कारण प्रकाशात आहे. भिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले असता स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये २० पट विवर्धनावर ती ३ मिलिमीटर असते. भर दिवसा डोळ्याची बाहुली साधारण दोन ते तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे प्रतिमा उजळ दिसते. त्याच स्कोपचे विवर्धन ६० पट केले की हा झोत केवळ एक मिलिमीटरचा उरतो. पक्षी मोठा दिसतो, पण काळवंडतो आणि धूसर होतो. पक्षिनिरीक्षणाची खरी वेळ पहाटेची आणि सायंकाळची. त्या वेळी बाहुली अधिक उघडलेली असल्याने ही उणीव आणखी जाणवते.

दुसरी मर्यादा हवेची. भारतात हिवाळ्यातही सकाळी नऊ-दहानंतर चिखल आणि पाणी यांवरची हवा तापून थरथरू लागते. या थरथरीत ४० किंवा ६० पट विवर्धन केले तर पक्ष्याबरोबर ती थरथरही तितक्याच पटींनी मोठी होते. कितीही महागडा स्कोप असला तरी यावर उपाय नाही. म्हणूनच अनुभवी निरीक्षक बहुतांश वेळ २० ते ३० पटींच्या मर्यादेतच पाहतात. पहिला स्कोप घेताना २५ ते ३० पटींवर प्रतिमा किती स्वच्छ दिसते, हाच प्रश्न विचारावा. १५-४५ किंवा २०-६० असा कोणताही टप्पा त्यास चालतो. शंभर पट किंवा त्याहून अधिक विवर्धनाचा दावा करणाऱ्या लहान भिंगाच्या स्वस्त उपकरणांपासून दूर राहावे, हे उत्तम.

भिंगाच्या व्यासाचे गणित मात्र खरे आहे. ८० मिलिमीटरचे भिंग ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. परंतु त्याबरोबर वजन आणि किंमत वाढते आणि जड स्कोपला जड ट्रायपॉड लागतो. साठ ते पासष्ट मिलिमीटरचे स्कोप साधारणपणे एक ते दीड किलोग्रॅमचे असतात. ते पाठपिशवीत मावतात आणि बस-रेल्वेने नेता येतात. घरी पडून राहणाऱ्या मोठ्या स्कोपपेक्षा दर रविवारी बरोबर येणारा लहान स्कोप अधिक पक्षी दाखवितो. मर्यादित पैशांत घ्यावयाच्या पहिल्या स्कोपसाठी ६० ते ६५ मिलिमीटर हे माप सर्वांत समतोल मानावे लागेल.

भिंगाची प्रत आणि बांधणी

एकाच मापाच्या दोन स्कोपांच्या किमतीत अनेक पटींचे अंतर असते, ते मुख्यतः काचेमुळे. साध्या काचेतून जाताना प्रकाशाचे रंग किंचित फाकतात आणि पांढऱ्या आभाळासमोरच्या पक्ष्याभोवती जांभळट-हिरवट कड दिसते. ‘ईडी’ या नावाने ओळखली जाणारी विशेष काच हा दोष बराच कमी करते. पैसे पुरत असतील, तर ८० मिलिमीटरच्या साध्या काचेपेक्षा ६० ते ६५ मिलिमीटरची ईडी काच पत्करावी.

भिंगांवरील लेपही महत्त्वाचा. प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो आणि स्कोपमध्ये असे अनेक पृष्ठभाग असतात. सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप असल्याचे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते ‘लेपयुक्त’ असे म्हटले असेल, तर काही पृष्ठभागांवरच एकेरी थर असण्याची शक्यता असते.

भारतीय हवामानात तिसरी अट विसरून चालणार नाही. ती म्हणजे, स्कोप जलरोधक आणि आत नायट्रोजन भरून बंद केलेला असावा. कोकण, गोवा, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत आतील भिंगांवर बाष्प धरते आणि कालांतराने बुरशी वाढते. बुरशी एकदा काचेत रुजली की लेप कायमचा खराब होतो. चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रभिंगापासून डोळा किती दूर ठेवूनही संपूर्ण दृश्य दिसते, हे पाहावे. हे अंतर १५ मिलिमीटर किंवा अधिक असावे.

सरळ की तिरका?

काही स्कोपांचे नेत्रभिंग नळीच्या सरळ रेषेत असते, तर काहींचे ४५ अंशांत वर वळलेले. सरळ स्कोपने पक्षी पटकन सापडतो आणि मोटारीतून पाहणेही सोपे जाते. तिरक्या स्कोपची सवय होण्यास थोडे दिवस लागतात, तरीही पहिल्या खरेदीत तो अधिक सोयीचा. मान खाली घालून पाहावयाचे असल्याने ट्रायपॉड कमी उंचीवर ठेवता येतो. कमी उंचीचा ट्रायपॉड वाऱ्यात कमी हलतो आणि स्वस्तही पडतो. शिवाय उंच शिक्षक आणि लहान विद्यार्थी यांना ट्रायपॉड न हलवता एकाच स्कोपमधून पाहता येते. शाळेच्या किंवा मंडळाच्या सहलीत ही सोय फार मोलाची असते.

ट्रायपॉडवर काटकसर नको

पहिल्या खरेदीत सर्वाधिक फसगत येथे होते. सारा पैसा स्कोपवर खर्च केला जातो आणि मग हाती येईल तो हलका छायाचित्रणाचा ट्रायपॉड जोडला जातो. तीस पट विवर्धनावर ट्रायपॉडचा सूक्ष्म कंपही तीस पट मोठा दिसतो. वाऱ्याची झुळूक आली किंवा केंद्रीकरणाच्या चक्राला बोट लागले, तरी पक्षी नजरेसमोर नाचू लागतो आणि उत्तम काचेचा लाभ शून्य होतो.

ट्रायपॉडचे पाय ताठ असावेत आणि माथा गोल बिजागरीचा न घेता व्हिडिओ चित्रणासाठी वापरतात तसा, एका दांड्याने सावकाश वर-खाली व आडवा फिरणारा असावा. उंची पायांनीच पुरवावी. मधला दांडा वर ओढला की स्थैर्य जाते. मधल्या हुकाला पाठपिशवी अडकवली असता वाऱ्यातही आधार मिळतो. पैसे फारच कमी असतील, तर वाळू किंवा ज्वारी भरून शिवलेली कापडी उशी हा उत्तम तात्पुरता उपाय आहे. बांधावर, कठड्यावर किंवा मोटारीच्या खिडकीत उशी ठेवून त्यावर स्कोप टेकवला, तर प्रतिमा आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहते.

पैशांची वाटणी

किमती बदलत राहतात. त्यामुळे रकमेपेक्षा प्रमाण ध्यानात ठेवणे सोयीचे. एकूण रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा ट्रायपॉड आणि त्याच्या माथ्यासाठी बाजूला काढावा. उदाहरणार्थ, हाती ३० हजार रुपये असतील, तर २० ते २१ हजार स्कोपला, ८ हजार ट्रायपॉडला आणि उरलेले आवरण, स्वच्छतेचे साहित्य व मोबाइल जोडण्याची पट्टी यांना, अशी वाटणी समतोल होईल. एवढ्या रकमेत लाखांच्या स्कोपची सर येणार नाही, परंतु बदकांचे थवे मोजणे आणि बहुतेक चिखल्या-टिलव्यांची ओळख पटवणे शक्य होते.

जुना स्कोप हा आणखी एक मार्ग. चांगल्या प्रतीचा जुना स्कोप सुमार प्रतीच्या नव्या स्कोपपेक्षा केव्हाही सरस. मात्र पुढच्या भिंगातून विजेरीचा झोत टाकून आत बुरशीचे जाळे, धूळ किंवा ओरखडे नाहीत, हे पाहून घ्यावे. परदेशातून मागविलेल्या वस्तूला भारतात हमी मिळेलच असे नाही. दुरुस्तीची सोय आधी विचारावी. स्थानिक पक्षिमित्र मंडळातील चार-पाच जणांनी मिळून एक चांगला स्कोप घेणे हाही व्यवहार्य पर्याय आहे. दुर्बीण ज्याची त्याची असावी लागते, पण स्कोपमधून आळीपाळीने पाहता येते.

दुकानात पारख कशी करावी?

- स्कोप दुकानाबाहेर, ट्रायपॉडवर लावून पाहावा. खिडकीच्या काचेतून पाहिल्यास चांगला स्कोपही धूसर वाटतो.
- दूरच्या पाटीवरील बारीक अक्षरे २० पटींवर वाचावीत आणि मग हळूहळू विवर्धन वाढवावे. ज्या टप्प्यापुढे अक्षरे मोठी होतात पण अधिक स्पष्ट होत नाहीत, ती त्या स्कोपची खरी मर्यादा.
- उजळ आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा पाहावा. त्याच्याभोवती रंगीत कड किती उमटते, हे लगेच कळते.
- शक्य असल्यास सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात पुन्हा पाहावे. स्वस्त आणि चांगल्या स्कोपमधील फरक त्या प्रकाशात उघड होतो.
- चष्मा असल्यास चष्म्यासह पाहावे. केंद्रीकरणाचे चक्र अडखळते का, तेही तपासावे.

स्कोप कोणत्याही परिस्थितीत सूर्याकडे रोखू नये. क्षणभराच्या दर्शनानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. मुले बरोबर असताना ही सूचना पुनःपुन्हा द्यावी.

जपणूक

वापरानंतर ओलसर स्कोप बंद पेटीत ठेवू नये. आधी मऊ कुंचल्याने धूळ झटकावी आणि मगच भिंगाच्या कापडाने हलके पुसावे. धुळीसह पुसल्यास लेपावर ओरखडे उठतात. खाडीकाठी वापरलेल्या स्कोपवरील खारट थर ओलसर कापडाने टिपून घ्यावा. पावसाळ्यात स्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि पुड्या वरचेवर वाळवाव्यात. सीमाभाग, नौदलाचे तळ, बंदरे आणि काही धरणे येथे शक्तिशाली दुर्बीण रोखण्यास मनाई असू शकते. तेथे आधी परवानगी घेणे हिताचे.

अंतर राखण्याचे साधन

स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याला हिवाळ्याच्या काही महिन्यांत परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी माणूस जवळ गेला की थवा उठतो, चरणे थांबते आणि साठविलेली शक्ती खर्च होते. विणीच्या काळात तर हानी अधिक गंभीर असते. पालक पक्षी उठला की अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या हाती लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते.

स्कोप असला की जवळ जाण्याचे कारणच उरत नाही. खाडीवर भरतीच्या वेळा पाहून काठावर थांबले, तर चढते पाणी पक्ष्यांना आपसूकच अलीकडे आणते. तलावावर सूर्य पाठीशी ठेवून पहाटे बसले, तर हवा थरथरण्यापूर्वीचे दोन-तीन तास पुरेसे असतात. ही साधना जमली की साठ मिलिमीटरचा साधा स्कोपही मोठे काम देतो. पक्षी बिचकून मान वर न करता चरत राहिला आणि तरीही त्याच्या पायांचा रंग वहीत नोंदवता आला, तर पहिल्या स्कोपवरचा खर्च योग्य जागी झाला असे समजावे.